गुडघ्यावरचा बिब्बा

माझा धाकटा पोरगा चेंडू धरतो तो कोंबडा धरल्यासारखा. हे मी सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

मी दुसरी शिकले, ती बी अर्धी. सही येते तेवढी. आता मी बोलते आन सून, ह्याच पोराची बायको, लिहिते. ती आमच्या पाड्यावर अंगणवाडीत आहे, अक्षर चांगलं आहे तिचं. मधीच थांबते आन म्हणते, "आत्या, असं नका सांगू." मी म्हणते, तू लिही.

तर माझा पोरगा खेळाडू आहे, पगारी. कबड्डी नाय, सगळे पहिलं तेच विचारतात. त्याचा खेळ अमेरिकेचा. चेंडू चामड्याचा, पपईसारखा लांबट, दोन्हीकडनं टोकं काढलेली. इकडून अकरा जण, तिकडून अकरा. मधला एक जण चेंडू घेतो, वळतो आन माझ्या पोराच्या पोटाशी देतो. तिथनं पुढं सगळं ह्याचं काम. चेंडू आवळायचा आन समोरच्या अकरा जणांतनं घुसायचं. त्यांनी ह्याला आडवा पाडायचा.

पहिल्यांदा समजावलं तवा आम्ही अंगणात बसलो व्हतो. म्हणला, "चार खेपा मिळतात. चार खेपांत दहा पावलं पुढं जायचं."

मी म्हटलं, "दहा पावलं म्हणजे केवढं?"

"आपल्या दारापासनं त्या आंब्यापर्यंत."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच, आये. पण मधी अकरा जण उभे आहेत असं धर."

मी आंब्याकडं बघितलं. डोक्यावर दोन हंडे घेऊन तेवढं अंतर मी रोज चालले. मला कोणी आडवं आलं नव्हतं. मंग मला त्याचं काम कळलं.

आता कोंबड्याचं सांगते. आमचा पाडा खोडाळ्याच्या खाली, दरीत. बाजाराला जायचं तर पहिलं वहाळ उतरायचा, मंग चढण, मंग रस्त्यावर जीप. जीपमध्ये वीस माणसं आन त्यांची गाठोडी. कोंबडा विकायला न्यायचा तर लोक पाय बांधून उलटा धरतात. मी तसं करू देत नव्हते. उलटा नेलेला कोंबडा मरगळतो, गिऱ्हाईक हात लावून सोडून देतं. मी पोराला शिकवलं व्हतं, डोकं बगलेत घाल, म्हणजे त्याला अंधार व्हतो आन तो गप राहतो. पंख कोपरानं छातीशी दाब. पाय पंजात धर. मंग गर्दीत कोणी धक्का मारला तरी सुटत नाय.

एकदा पावसात तो वहाळात घसरला. तोंडावर पडला, हनुवटी फुटली, दोन्ही गुडघे सोलले. वर आला तर अंगाचं रक्त पाण्यात मिसळलेलं आन कोंबडा कोरडा. कोंबड्याचं पीस भिजलं नव्हतं. मी तवा त्याला शाब्बास म्हटलं नाय. आम्हाला सवय नव्हती तसं म्हणायची. गुळाचा खडा दिला व्हता.

आश्रमशाळेत धावण्यात पहिला यायचा. तिथनं नाशिकला नेला, वसतिगृहात ठेवला. कॉलेजात आधी दुसरा एक चेंडूचा खेळ खेळला, तिथनं ह्या खेळात आला. पहिल्या दिवशी मास्तर सगळ्यांना ओरडत व्हता, चेंडू सांडू नका, असा धरा, तसा धरा. ह्याच्याजवळ आला आन थांबला. म्हणला, "हे तुला कोणी शिकवलं?"

हा म्हणला, "घरी शिकलो, सर."

"घरी कोण खेळतं?"

"खेळत कोणी नाय. कोंबडे आहेत."

सहा वर्षं खेळला. त्यातले दोन हिवाळे परदेशात, बर्फाच्या गावात. तिथनं फोन करायचा, "आये, इथं नाकातलं पाणी गोठतं." मी म्हणायची, "मंग पुसत बसू नको, पळ."

आमच्या पाड्यावर रेंज फक्त वर टेकाडावर उंबराखाली येते. दुपारी जेवणं झाली की आम्ही चार-पाच बाया तिकडं जायचो. सून मोबाईल धरायची आन आम्ही बघायचो. माझ्या शेजारची म्हातारी, माझ्याहून दोन पावसाळे मोठी, डोळ्यांनी अधू, पण जीभ धडधाकट. पहिल्यांदा तिनं त्याचं डोक्याला घालायचं बघितलं, तोंडापुढं लोखंडी जाळी असलेलं, तर म्हणली, "हे कोणाचं सोंग घेतलंय ग?"

आमच्याकडं बोहाड्यात देवांची, राक्षसांची सोंगं नाचवतात. लाकडाचे मोठे मुखवटे, जड. ज्याच्या घराण्याकडं जे सोंग असेल तो ते घेतो. एकदा मुखवटा चढला की मान मोडायला आली तरी तो दाखवत नाय. मी म्हटलं, "धावायचं सोंग आहे."

मंग ती बराच वेळ बघत राहिली. चार जणांनी मिळून त्याला उचलून आपटला. ती म्हणली, "ह्याला मारतात आन ह्यालाच पगार?"

"हो."

"मंग मला बी लाव की. माझ्या म्हाताऱ्यानं उभा जन्म फुकट मारलं."

सगळ्या हसल्या. ती बी हसली. मी मोबाईलकडं बघत व्हते. तो पडला की त्याच्यावर ढीग पडतो. पाच, सहा माणसं, एकेक बैलासारखा. तो तळाला. मी तवा श्वास मोजते. एक, दोन, तीन. बहुतेक वेळा चार-पाचला ढीग उकलतो आन तो उठतो. चेंडू बगलेत. उठला की लगेच जागेवर जातो. कुठं लागलं तिथं हात लावून बघत नाय. ज्यानं पाडला त्यालाच कधी हात देऊन उठवतो, पाठीवर थाप मारतो. एकदा मी अकरापर्यंत मोजलं. उठला तवा सुनेनं मोबाईल खाली केला, हात दुखतो म्हणली. हात दुखत नव्हता तिचा.

मला त्याचं कौतुक वाटायचं ते जिंकण्याचं नाय. उठण्याचं वाटायचं. सामन्यात वीस-पंचवीस वेळा पडायचं आन तेवढ्याच वेळा उठायचं, आन पुढच्या खेपेला पुन्हा त्याच भिंतीत जायचं. मी वीटभट्टीवर पंधरा हंगाम काढले. मला माहीत आहे पुन्हा उठायचं म्हणजे काय असतं.

मागच्या पावसाळ्यात तो लावणीला घरी आला. दरवर्षी येतो. ह्या बाबतीत त्याचा हट्ट आहे, नागली नाय लावली तरी भात लावायला येणार. रोपं उपटायला आम्ही उकिडवं बसतो, चिखलात, रांगेनं. सकाळपासनं मी बघत व्हते, हा बसेना. वाकून उपटतो, मंग उभा राहतो, मंग मोळ्या वाहायला जातो. "मी वाहतो, तुम्ही उपटा." सुनेला वाटलं, मदत करतोय. मला बरं नाय वाटलं. दुपारी भाकर खायला सगळे मांडी घालून बसले, हा बांधावर टेकला, उजवा पाय लांब करून.

सून पाण्याला गेली तवा मी म्हटलं, "बस बघू उकिडवा."

"कशाला?"

"बस."

तो अर्ध्यापर्यंत खाली गेला. तोंड हललं नाय त्याचं, पण कपाळावर घाम आला. पाऊस पडत व्हता तरी मला घाम कळला. उठला आन म्हणला, "हिला सांगू नको. कोणालाच सांगू नको. दिवाळीनंतर नाशिकला शेवटचा सामना आहे. ते परदेशातले लोक बघायला येणार आहेत. माझं वय तीसकडं गेलं, आये. ह्या कामात माणूस पंचविशीतच जुना व्हतो. ह्या वेळी नाय नेलं तर परत कोणी नेत नाय."

"आन पाय?"

"सामन्यापर्यंत टिकेल."

 त्याला नको म्हणायला मला तोंड नव्हतं. त्याचं कारण सांगते.

माझा नवरा, ह्याचा बाप, भट्टीवर कच्च्या विटा वाहायचा. एका हंगामात त्याच्या जांघेत गाठ आली. खोकला की बाहेर यायची. मुकादमाला कळलं तर तो माणसाला घरी धाडायचा, दुसरा घ्यायचा. म्हणून रोज सकाळी मी माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या कमरेला आवळून बांधायची. मला बांधायला चांगलं जमतं. एकदा मुकादमानंच विचारलं, "ए बाई, ह्याला काय झालंय? वाकडा का चालतो?" मी म्हटलं, "काय नाय, काटा मोडलाय." दोन हंगाम तसे गेले. तिसऱ्याला ती गाठ आत जाईना. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला व्हता. हा पोरगा तवा सहा वर्षांचा.

काटा मोडलाय, हे मी म्हटलं व्हतं. दुसऱ्या कोणी नाय.

तरी पोराला मी हो म्हटलं. गेला तो. पावसाळ्यानंतर सामने सुरू झाले, आम्ही उंबराखाली बसून बघितले. तो तसाच पळायचा. एकदा तर दोघांच्या मधनं असा वळला की शेजारची म्हातारी, जिला धड दिसत नाय, ती बी म्हणली, "गेला ग, गेला!" सगळ्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी बघत व्हते तो उजव्या पायावर वळतो का. वळत नव्हता. तो प्रत्येक वेळी डाव्यावर वळायचा. एवढ्या माणसांनी बघितलं, ते कोणाला दिसलं नाय. एवढं लपवून कोणी तसं पळू शकतं, हे बी मी पहिल्यांदा बघितलं.

नाशिकच्या सामन्याच्या दोन दिवस आधी तो एका सकाळपुरता घरी आला. सून अंगणवाडीत गेली तवा त्यानं गुडघा दाखवला, सुजला व्हता. म्हणला, "तू बाबाच्या पाठीला बिब्बा लावायची, तो लाव."

मी बिब्बा काढला. सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं, गुडघ्याभोवती ठिपके दिले. बिब्बा ओढून काढतो दुखणं, आमचा अनुभव आहे. पण तो उघडा ठेवायचा असतो. हे मला ठाऊक व्हतं. त्याच्याकडं रबराची पट्टी व्हती, तो म्हणला, "आता घट्ट बांध, मला लगेच सरावाला निघायचंय." आन मी बांधली. इतकी वर्षं बांधत आले, हात आपोआप गेले. आन त्याची कातडी बापासारखी भट्टीत भाजलेली नव्हती, हे बी माझ्या ध्यानात आलं नाय.

सून म्हणते, त्यानं खेळू नये म्हणून मी मुद्दाम केलं. मुद्दाम नाय केलं. मुद्दाम केलं असतं तर तसं सांगितलं असतं.

सामन्याला आम्ही दोघी गेलो. खोडाळ्यावरनं जीप, पुढं त्र्यंबकवरनं नाशिकची एसटी. मी पहिल्यांदाच समोर बसून बघणार व्हते. मैदान एवढं मोठं, हिरवं, आन आत एक पीक नाय. खेळाडू आले तवा मला तो ओळखू येईना, सगळ्यांनी सोंगं चढवलेली. मंग चेंडू धरला त्यावरनं ओळखला.

सामना सुरू व्हायला थोडा वेळ व्हता. एक पोरगा धावत आला, "आजी, तुम्हाला डॉक्टरांनी बोलावलंय." आम्ही कुंपणाच्या आत गेलो. तो बाकावर बसला व्हता. पट्टी सोडलेली. बिब्बा उतला व्हता. सगळ्या गुडघ्याभोवती लिंबाएवढे फोड, काही फुटलेले, पाणी वाहतंय. 

त्यांची डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई व्हती, केस बारीक कापलेले. तिनं विचारलं, "हे कोणी लावलं?"

तो म्हणला, "मीच लावलं. कातडीच जळलीय. वरनं कापूस बांधा, मी खेळतो. आतून पाय चांगला आहे."

डॉक्टरबाईनं त्याच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं. शहाणी बाई. मला म्हणली, "आजी, बिब्बा तुम्हीच लावला ना? कशासाठी लावला?"

तो माझ्याकडं बघत व्हता. डोळ्यांनी सांगत व्हता. एवढासा व्हता तवा बी तसंच बघायचा, मास्तरला सांगू नको म्हणायचा तवा. मला एवढंच म्हणायचं व्हतं, काय नाय बाई, ठेच लागली व्हती. शब्द जिभेवर आला व्हता. आन त्याच्या मागोमाग मला तो काटा आठवला.

मी म्हटलं, "पावसाळ्यापासनं गुडघा गेलाय त्याचा. उकिडवं बसता येत नाय. उजव्यावर वळत नाय तो, तुम्ही बघा, डाव्यावरच वळतो. मला ठाऊक व्हतं, मी लपवलं."

सून माझ्या मागं उभी व्हती. ती एवढंच म्हणली, "म्हणजे घरात मीच येडी."

डॉक्टरबाईनं त्याला आडवं केलं, पाय धरून हलवला, ओढला. तिचं तोंड बदललं. म्हणली, आतली नस धाग्यावर आहे. आज एक धक्का बसला असता तर परत चालताना बी लंगडला असता. हे ती हळू म्हणली.

तो रडला नाय. माझ्यावर ओरडला बी नाय. उठला आन स्वतः मास्तरकडं गेला. मी ऐकलं, तो म्हणला, "सर, आई खरं बोलते." मंग त्यानं काय केलं, ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. त्याच्या जागी जो उतरणार व्हता, एक उंच खेळाडू, घाबरलेला, त्याला बाजूला घेतला. त्याच्या हातात चेंडू दिला. एक टोक बगलेत कोंबलं, कोपर छातीशी दाबलं, पुढच्या टोकावर त्याची बोटं पसरून बसवली. मंग स्वतःच मुठीनं चेंडूवर ठोसे मारले, सुटतो का बघायला. सुटला नाय. तो पूर्ण सामना ह्यानं रेघेच्या बाहेर उभं राहून काढला. बाकडं रिकामं व्हतं, पण बसला नाय. दर खेपेला ओरडून सांगायचा, कुठनं माणूस येतोय. परदेशातले लोक तिकडं बसले असतील. त्यांच्याकडं त्यानं एकदा बी बघितलं नाय.

थोडक्यात हरले. माझ्यामुळं हरले असं कोणी म्हणलं नाय. मी म्हणते. पण त्या उंच खेळाडूनं चेंडू एकदा बी सांडला नाय.

परत जायच्या आधी तो आमच्याजवळ आला. सुनेशी बोलला. माझ्याशी नाय. फोड भरल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तवा मी दवाखान्यात बसून व्हते, तवा बी दोन दिवस नाय.  फोडांच्या डागांवर डॉक्टरांनी दिलेलं मलम मी लावायची आन तो भिंतीकडं बघायचा. तिसऱ्या दिवशी मी पट्टी बांधत व्हते तर म्हणला, "सैल बांध."

मी म्हटलं, "सैलच बांधते."

"बाबाचं पण सांगायला पाहिजे व्हतं ग तू मुकादमाला."

त्याला ते ठाऊक व्हतं, हे मला ठाऊक नव्हतं. एवढासा असताना त्यानं ऐकलं असेल. मी म्हटलं, "व्हय." 

परदेशातनं कोणी बोलावलं नाय. आता तो नाशिकला त्याच संघात धावणाऱ्यांना शिकवतो. नव्या खेळाडूंना पहिल्या दिवशी चेंडू देत नाय म्हणे. आमच्या इथनं एक कोंबडा घेऊन गेला व्हता, तो देतो आन म्हणतो, ह्याला घेऊन मैदानाला एक फेरी मारून या. शहरातली पोरं, त्यांनी कोंबडा ताटातच बघितलेला. दोघांच्या हातनं सुटला, सगळा संघ त्याच्या मागं. शेजारच्या म्हातारीला हे सांगितलं तर ती हसून हसून खोकत बसली. म्हणली, "कोंबड्याला बी पगार लाव म्हणावं."

ह्या पावसाळ्यात तो लावणीला आला. मी त्याला बसायला सांगितलं नाय. मी माझी रोपं उपटत व्हते, खाली बघून. बाजूला चिखल हलला म्हणून बघितलं तर तो हळूहळू खाली येत व्हता, एक हात बांधावर. पूर्ण नाय, उजवी टाच थोडी वर राहिली. पण बसला. एक मूठ रोपं उपटली, मुळं पाण्यात झटकली, माझ्यापुढं टाकली. मी त्याच्या कपाळाकडं बघितलं. पाऊसच व्हता, घाम नव्हता.

सून पलीकडनं हसत, मुद्दाम म्हणली, "आत्या, ह्यांना काय झालंय, वाकडे का बसलेत?"

मी म्हटलं, "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याच्या. उठव त्याला आता."